कोरणीमावशीचा कान

कोरणीमावशीचा डावा कान उजव्यापेक्षा लांब होता, आणि त्याची पाळी खालपर्यंत चिरलेली होती. आमच्या केनवड गावात कुणी पाहुणा आला की आधी त्या कानाकडे बघायचा, मग नजर चुकवायचा. तिला त्याचं काही वाटत नसे. "लेकरायनं वढला, दुसरं काय!" म्हणायची आणि वांग्यांची टोपली डोक्यावर घ्यायची.

नाल्याकाठी तिचा मळा. भाजी विकून पोट भरायची. लेकरांचे किडके दात कोरणं हा मात्र तिचा धंदा नव्हे, स्वभाव. बाया कान कोरायला वापरतात तशी चांदीची इवलीशी कोरणी तिच्या कमरेला असे. ती मिठाच्या पाण्यात उकळून दातातली काळी, मऊ सड अलगद काढायची, लवंगेच्या तेलाचा कापूस भरायची, वरून मेण लावायची. दात उपटायचं नाव काढलं की भडकायची. "दात म्हंजे काय बोराटी हाय, उपटून बांधावर फेकायले?"

तिचा एकच कायदा होता. लेकराला कुणी धरायचं नाही. आमच्याकडे तर रीतच अशी, की बापानं पाय दाबायचे, काकानं डोकं, आणि आईनं कोपऱ्यात रडायचं. मावशी सगळ्यांना दूर बसवायची आणि आपला डावा कान लेकराच्या मुठीत द्यायची. "दुखलं त वढ. तू वढला का म्या हात थांबवला." मी स्वतः तो कान ओढलेला आहे. आणि ती खरंच थांबायची, हो!

माझा धाकटा भाऊ बापू चारेक वर्षांचा असताना त्याची दाढ किडली. नेमका तेव्हा गावात कीड काढणारा आला. रिंगणीच्या बियांचा धूर नळीनं दातात घेतला की किडे पडतात, असा तेव्हा सगळ्या मुलखाचा समज. बापूला दाबून धरलं, घोंगडीखाली धूर दिला. थाळीतल्या पाण्यात पांढरं काहीतरी तरंगलं. ते बियांतलंच होतं, पण बाबा खूश! "किडे म्या माह्या डोयानं पाह्यले!" दुसऱ्या दिवशी बापूचा गाल टम्म फुगला. अन्नपाणी सुटलं. तोंडाजवळ कुणाचा हात गेला की तो किंचाळायचा.

बाबा म्हणाले, "मालेगावच्या बाजारात दात उपटणारा पक्कडवाला बसते. आज नेतोच त्याले." ऐकून आईची पाचावर धारण बसली. शेजारची गंगी त्याच पक्कडीखालून आली होती, तिचा जबडा सुजत गेला, आणि ती पोर पुन्हा उठली नाही. आई माझ्या कानात म्हणाली, "पयत जा, मावशीले आण."

मावशी नुकतीच भाचीच्या लग्नाहून परतली होती. तशीच आली, नव्या लुगड्यात, कानात बाळ्या. बाबा अंगणात बैलबंडी काढत होते. "बैल जुपेपावतर काय ते पाहा, बाई."

बापूनं दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटलेलं. मावशीनं त्याला बोटही लावलं नाही. कोरणी त्याच्याच हातात दिली आणि आपलं तोंड उघडलं. "पाह्य बरं बापा, माह्या दाताले कीड लागली काय?" तो वाकून बघायला लागला. बाहेर बैलांची घुंगरं वाजत होती. "झालं काय?" बाबा ओरडले. माझा जीव नुसता टांगणीला लागलेला. शेवटी बापूनं ओठ उघडले, तिचा डावा कान मुठीत धरला. मावशीनं कोरणी परत घेऊन थोडी सड काढली, आणखी थोडी काढली, आणि कोरणी दुखऱ्या जागी लागली.

बापूनं सगळा जीव एकवटून कान ओढला. बाळी पाळी फाडून त्याच्या हातात आली. लुगड्यावर रक्ताची धार लागली. आई किंचाळली, बाबा धावत आत आले. "धरा त्याले! आता धरूनच काढा!"

"हात नोका लावू, भाऊ!" मावशी पहिल्यांदाच ओरडली. "म्या त्याले शब्द देला हाय."

ती थांबली. हात मांडीवर ठेवून बसून राहिली. रक्त पुसायलाही हात उचलला नाही तिनं. बापू त्या रक्ताकडे बघत राहिला, मग तिच्या हातांकडे. मग त्यानं आपणहून तिचा उजवा कान धरला आणि मोठ्ठा आ केला.

दाढेतली सड निघाली, आतला पू वाहून गेला. बाबांनी बंडीचे बैल सोडले. संध्याकाळी बापूनं दूधभाकर खाल्ली, आणि आई मावशीच्या पायावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली.

पुढं बापूला मिशा आल्या, मी सासरी गेले. मावशीला पोटाचं दुखणं लागलं. मी माहेरी आले तेव्हा आम्ही दोघं तिला बघायला गेलो. ती तळमळत होती. औषध कसलंच लागू पडत नव्हतं. बापू तिच्या उशाशी बसला, खाली वाकला आणि आपला कान तिच्या मुठीत दिला.

"मावशी, दुखलं त वढ."

तिनं तो धरला. मूठ सैल पडेपर्यंत धरून होती. एकदाही ओढला नाही.