आईच्या गुरुवारसाठी मोठी चाके

आमची गाडी बुटकी होती. घेतली तेव्हा हे कुणाच्या ध्यानात आले नव्हते, कारण त्या वेळी आई तिच्यात सहज शिरत असे. गजऱ्याचा वास आधी आत जाई आणि मागून पदर सावरत ती. फिकट राखाडी रंगाची, चार दारांची, लांब नाकाची गाडी. उन्हात उभी राहिली की तिच्या आत तापलेल्या रेक्झिनचा वास कोंडून राही, आणि तो मला आमच्या घरातल्याच एखाद्या खोलीचा वाटे.

मग आईचा उजवा खुबा झिजला. शस्त्रक्रिया तिच्या हृदयाला झेपणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आणि तो विषय मिटला. गाडीत बसणे हे तिच्यासाठी एक काम होऊन बसले. दाराकडे पाठ करायची, एक हात दारावर, एक बाबांच्या खांद्यावर, आणि हळूहळू खाली जायचे. शेवटची वीतभर मात्र हळू जाता येत नसे. तेवढ्या अंतरात तिचा देह आसनावर कोसळे आणि तिच्या ओठांतून एक बारीक श्वास निसटे. त्या श्वासाचा आवाज मी मागच्या आसनावरून ऐकत असे. बाबाही ऐकत असावेत, कारण त्यानंतर ते उगीचच आरसा पुसत.

रिक्षाचे धक्के तिला सोसत नव्हते आणि घरी राहणे तिला मान्य नव्हते. दर गुरुवारी तिला वारज्याला जायचे असे. तिथे तिची थोरली बहीण, म्हणजे माझी मावशी, मुलगा-सुनेजवळ राहत होती. मावशीने पेठ सोडून तिकडे घर केले तेव्हा आई तिला "गावाबाहेरची" म्हणून चिडवी. आता वारजेच गावात आले होते आणि मावशी हळूहळू स्वतःबाहेर जाऊ लागली होती. आधी तिला चुलीवरचे दूध आठवेना, मग नातवाचे नाव. ओळखीची माणसे वरचेवर तिच्या डोळ्यांसमोर राहू देत, असे तिच्या डॉक्टरांनी सांगितले होते. दोघी बहिणी गुरुवारी दुपारी समोरासमोर बसून फुलवाती वळत. हात चालू असले की मावशीच्या बोलण्याचा धागा तुटत नसे.

"मी गेले नाही तर ती मला विसरेल," आई एकदा भाकरी थापता थापता म्हणाली. आवाजात काही नव्हते. पीठ कमी पडले हे सांगावे तसे ती बोलली.

बाबा सरकारी कचेरीत नकाशे काढण्याच्या कामातून निवृत्त झालेले. कुठलीही अडचण त्यांना कागदावर सोडवता येईल असे वाटे. एका दुपारी जेवताना त्यांनी माझी आमटीची रिकामी वाटी उचलली, ताटाच्या कडेला उभी धरली, आणि मग तिच्या जागी ताटली धरली.

"हे बघ. वर्तुळ मोठं झालं की मध्य वर जातो. मध्य वर गेला की गाडी वर. गाडी वर की आसन वर. मोठी चाकं बसवायची."

"अहो, तिला जेवू तरी द्या," आई म्हणाली. पण ती हसली होती, आणि त्या हसण्यावर बाबांनी आपला बेत पक्का केला. जमिनीपासून आसनापर्यंतची उंची त्यांनी त्याच दुपारी मोजून ठेवली.

नाना पेठेतल्या एका दुकानात आम्ही गेलो. नव्या रबराचा तो उग्र, किंचित गोडसर वास, भिंतीवर लटकवलेली चंदेरी चाके, आणि त्यांच्या आरशात तुकड्यातुकड्यांनी दिसणारे आम्ही दोघे. दुकानदाराने आमच्या गाडीभोवती एक फेरी मारली.

"काका, या गाडीला अलॉयची चाकं? घरात लग्नबिग्न आहे का?"

"नाही."

"मग ताईंची हौस दिसते."

"माझीच आहे," बाबा म्हणाले.

दुकानदाराने त्यांच्या पांढऱ्या केसांकडे, इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिले आणि मान डोलावली. "असावी की. गाडीचं वय विचारू नये. दोन इंचांनी मोठी बसतील. चालतील?"

"तीच हवीत."

मी काही बोलणार होते. बाबांनी माझ्याकडे पाहिले आणि मी थांबले. परतताना ते म्हणाले, "घरच्या माणसाचं दुखणं दुकानात मांडायचं नसतं." ही आमच्या घराची जुनी रीत. बायकोला गाडीत बसता येत नाही, हे परक्या माणसाला सांगणे त्यांना तिच्या अंगावरचा पदर ओढण्यासारखे वाटले असते. त्यांनी कारण सांगितले नाही. दुकानदाराला कारण ठाऊक नव्हते, म्हणून त्याने हौशी माणसांना देतात तेच दिले: आतले चकचकीत चाक मोठे, आणि त्यावरचा टायर तेवढाच पातळ. बाहेरचे वर्तुळ होते तेवढेच राहिले. बाबांनी चाक मोजले होते. टायर मोजायचे त्यांना सुचले नाही. मला तर काहीच कळत नव्हते. मला ती चाके सुंदर दिसली. जुनी चाके आम्ही दुकानातच सोडून आलो.

आम्ही तळमजल्यावर राहत असू. आई खिडकीच्या गजांशी कुंकवाची वाटी घेऊन उभी होती. "मला वाकवणार नाही. तुम्हीच लावा, मी इथून सांगते."

बाबा प्रत्येक चाकापाशी गुडघे टेकून बसले. ओले कुंकू चकचकीत धातूवरून ओघळत होते.

"जरा डावीकडे. अहो, स्वस्तिक काढताय, नकाशा नाही. किती मोजाल?"

चाकांखाली लिंबे ठेवली. गाडी पुढे सरकली तेव्हा चिरडलेल्या सालीचा आंबट, ताजा वास खिडकीपर्यंत आला. त्या गुरुवारी आई बाहेर आली, दाराकडे पाठ केली, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. बाबांचा चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलासारखा झाला होता.

"फरक पडला?"

"पडला की," आई म्हणाली. "चांगलीच उंच झाली."

मी मागे बसले होते. तिच्या अंबाड्याखाली, मानेच्या खळगीत, घामाचे बारीक थेंब उभे राहिलेले मला दिसले. श्वास मात्र या वेळी ऐकू आला नाही. तो तिने आतच धरून ठेवला होता.

पूर्वी ती गाडी रस्त्याला गिळून टाकी. जाड टायर खड्ड्यावरून सायीवरून बोट फिरावे तसे जात. आता लकडी पूल ओलांडून कर्वे रस्त्याला लागलो आणि रस्ता आपली प्रत्येक कडा, प्रत्येक चर, प्रत्येक झाकण आमच्या हाडांत बोलून दाखवू लागला. गतिरोधक आला की आईची बोटे दारावरच्या कडीभोवती पांढरी पडत.

"रस्ते वाईट झालेत," ती म्हणाली.

"झालेतच," बाबा समाधानाने म्हणाले. "गाडी उंच आहे म्हणून बरं."

मावशीकडे पोचल्यावर आईला पाय धुवायला मदत करताना मी म्हटले, "आई, खूप दुखतंय ना?"

"त्यांना सांगू नकोस." तिने माझ्या हातातून तांब्या घेतला. "इतक्या वर्षांनी त्यांनी हौसेनं काही केलंय. तेही माझ्यासाठी."

मग एका गुरुवारी तिचे डोके दुखू लागले. पुढच्या गुरुवारी पाहुणे यायचे होते, ते आले नाहीत. नंतर एकादशी निघाली, नंतर ऊन फार होते. गुरुवार उजाडायच्या आधीच त्याचे कारण येऊन बसलेले असे. ती मावशीला फोन करी. सुरुवातीला ते बोलणे लांबे. पुढे पुढे आईच बोले, आणि पलीकडे काय चालले आहे ते आम्हाला तिच्या थांबण्यावरून कळे.

"आता गाडी उंच केली, तर ही जात नाही," बाबा मला म्हणत. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. गणित बरोबर असून उत्तर चुकावे तसा त्यांचा चेहरा होई.

त्या उन्हाळ्याच्या अखेरीस बाबांच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला आणि काही दिवस गाडी चालवायला मनाई झाली. तपासणीहून आणताना गाडी मी चालवली आणि ते डावीकडे बसले. इतक्या वर्षांत त्या जागी ते कधीच बसले नव्हते. बसताना शेवटची वीतभर तेही कोसळले. मी पाहिले, त्यांनी समोरच पाहत राहणे पसंत केले. पुढे रस्ता खणलेला होता. पहिल्या चरावर त्यांनी कडी धरली, दुसऱ्यावर डोळे मिटले, आणि घर येईपर्यंत ती सोडली नाही.

घरी आल्यावर डोळ्यावरच्या काळ्या चष्म्यासकट ते पोलादी फीत घेऊन बाहेर गेले. जमिनीपासून आसनापर्यंत फीत लावली. मला आकडा वाचायला सांगितला. तो ऐकून ते फुटपाथच्या कडेवर बसले.

"तेवढीच आहे गं," ते म्हणाले. "होती तेवढीच."

खिडकीतून आईने विचारले, "काय मोजताय?"

"काही नाही."

"मग चहा घ्या. निवतोय."

आम्ही पुन्हा नाना पेठेत गेलो. दुकानदाराने सगळे ऐकून घेतले, या वेळी सगळे. "काका, आधी बोलायचं होतंत. मला वाटलं, हौस." त्याचे काय चुकले होते? जुनी चाके केव्हाच गेली होती. बाबा जुन्या सामानाच्या दुकानांतून हिंडले आणि आमच्या जुन्या चाकांसारखीच, साधी, काळपट लोखंडी चाके शोधून त्यांनी त्यांवर जाड टायर बसवून घेतले. आईच्या आसनावर त्यांनी घडी घातलेली सतरंजी ठेवली. जे मोठ्या चाकांना जमले नव्हते, ते त्या सतरंजीला जमले. आई बसली, आणि काहीच निसटले नाही.

"हे आधी का नाही सुचलं?" बाबा म्हणाले.

"तुम्हाला वर्तुळं दिसतात," आई म्हणाली, "घड्या नाही दिसत." आणि तिने त्यांच्या बाहीवरची धूळ झटकली.

आम्ही वारज्याला गेलो. मावशी खिडकीजवळ, मांडीवर कापूस घेऊन बसली होती. तिने वर पाहिले आणि परक्या बाईसाठी जशी जागा करतात, तशी जागा केली.

"बसा. लांबून आलात?"

आईने काठी भिंतीला टेकवली. "नाही हो. पेठेतून."

"पेठेत माझी बहीण असते. दर गुरुवारी येते." मावशीने कापसाचा एक पुंजका तिच्याकडे सरकवला. "हल्ली येत नाही. रागावली असेल."

"रागावेल कशाला," आई म्हणाली. कापूस तिच्या बोटांत फिरू लागला होता. "गाडीचं काम निघालं असेल."

दोघी वाती वळत राहिल्या. कापसाला आवाज नसतो. दारात उभी असलेली मावशीची सून आत निघून गेली, आणि मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

बाबा खाली गाडीत थांबले होते. आई सतरंजीवर नीट बसेपर्यंत त्यांनी काही विचारले नाही. मग विचारले, "ओळखलं?"

"न ओळखायला काय झालं?" आईने दार ओढून घेतले. "तुमची चौकशी केली."

बाबांनी मान हलवली. प्रत्येक गतिरोधकाशी ते गाडी जवळजवळ थांबवत आणि एकेक चाक हलकेच खाली उतरवत. मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. लकडी पूल आला.

"पुढच्या गुरुवारी जरा लवकर निघू," बाबा म्हणाले.

"हो," आई म्हणाली. "ती वाट बघते."