वरणात जिलेबी

मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला आली आणि ह्यांची नागपूरहून बदली झाली. टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही दोघंच होतो. आई गेल्याचं भावाचं पत्र मिळालं, तेव्हा तिचं तेरावंही होऊन गेलं होतं. मी पत्र घडी घालून ठेवलं आणि कणीक मळली.

त्यानंतर माझ्या तोंडाची चवच गेली. हे ऑफिसला गेले की मी गार वरणात शिळी जिलेबी कुस्करायची आणि वर मिरचीच्या लोणच्याचं तेल घालायची. तेवढंच काय ते जिभेला कळायचं. कुणी पाहू नये म्हणून दार लोटून घ्यायची.

एका दुपारी हे विसरलेली फाईल न्यायला आले.

"हे काय खातेस?"

"भूक लागली होती."

ते समोर बसले आणि माझ्याच ताटातला एक घास त्यांनी खाल्ला.

"आई गेल्याचं पत्र आलं, पण तू रडली नाहीस," ते म्हणाले.

"रडू आलंच नाही."

त्यांनी मान हलवली, आणखी एक घास घेतला आणि हात धुऊन ऑफिसला गेले. मी उरलेलं सगळं संपवलं.