शेवटचा अर्धा तास

मृण्मयीचा फोन आला तेव्हा मी सिंगापूरला, हार्बरफ्रंटच्या ऑफिसात डबा उघडून बसले होते. "केतकीमावशी, आई गेली," एवढंच ती म्हणाली. ती मेलबर्नला, मी इथे... शैलजाताईंच्या, म्हणजे तिच्या आईच्या, शेजारच्या मलाय बाईंनी सकाळी दार वाजवलं, कुणी उघडलं नाही, म्हणून त्यांनी माणसं बोलावली. ताई झोपेतच गेल्या होत्या. डॉक्टरांनी हृदय थांबलं असं सांगितलं. मृण्मयी थोड्या वेळाने म्हणाली, "मावशी, तू तिथे जाशील तेव्हा डॉक्टरांना नीट विचार हं. आई असती तर म्हणाली असती, नुसतं हार्ट म्हणतात म्हणून ऐकून घेऊ नकोस." हे बोलता बोलता ती रडायला लागली. मी गेले, आणि डॉक्टरांना खरोखरच पुन्हा पुन्हा विचारलं. तो तरुण डॉक्टर शांतपणे सगळं समजावत राहिला. शैलजाताईंनी त्याच्यावर तरीही विश्वास ठेवला नसता.

शैलजाताई माझ्याच ब्लॉकमध्ये, जुरोंग ईस्टला, चार मजले वर राहायच्या. आमची ओळख गणपतीत झाली. प्रसाद वाटताना त्यांनी मला विचारलं, कुठे नोकरी? मी म्हटलं, जहाजांचं काम बघणाऱ्या एका कंपनीत, कॉम्प्युटरच्या विभागात. त्यांचा हात मोदकावरच थांबला. "कुठली कंपनी?" मी नाव सांगितलं. "बरं," म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या. त्यानंतर कित्येक महिने लिफ्टमध्ये भेटल्या तरी त्या मजल्याच्या आकड्यांकडे बघत राहायच्या. पुढे कळलं की त्या मधल्या काळात त्यांनी माझी पुरती चौकशी केली होती. पुण्यातल्या माझ्या कॉलेजपर्यंत त्या पोहोचल्या होत्या! मग एके दिवशी व्हॉइड डेकवरच्या, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेतल्या, दगडी बाकावर मला बसवून त्यांनी सरळ विचारलं, "तुला कोणी पाठवलंय का माझ्याकडे?" मी हसले. त्या हसल्या नाहीत. माझं तोंड नीट निरखून झाल्यावर म्हणाल्या, "ठीक आहे. चहाला ये."

त्या चहाच्या वेळी मला त्यांचे यजमान अरुण बापट कळले. ते जहाजावर चीफ इंजिनिअर होते. मृण्मयी सेकंडरी वनमध्ये, म्हणजे जेमतेम तेरा वर्षांची असताना त्यांचं जहाज इथूनच निघालं आणि दोन आठवड्यांनी कंपनीचे लोक दारात आले. जहाजाच्या पोटातल्या एका बंद टाकीत विषारी हवा साठली होती. त्यात एक ब्रिटिश सेकंड ऑफिसर आणि अरुणकाका असे दोघे गेले. कंपनीच्या चौकशीचा निष्कर्ष असा की चीफ इंजिनिअर परवानगी न घेता, हवेचा सिलिंडर पाठीवर न लावता, आपण होऊन आत उतरले. शैलजाताईंना हे कधीच पटलं नाही. "घरातला गॅस बंद केला का, हे तीनदा बघणारा माणूस तो," त्या म्हणायच्या. "तो आपण होऊन उतरेल? त्याला कोणीतरी उतरवलंय, केतकी. आणि नंतर सगळ्यांनी मिळून तोंड बंद केलंय." हे त्या रडून सांगायच्या नाहीत. भाजी निवडता निवडता सांगायच्या, जणू पुरावा कुठे दडवला आहे हे त्यांना ठाऊक होतं आणि फक्त दार उघडायचं बाकी होतं. घरी गणिताच्या शिकवण्या घेऊन त्यांनी मुलीला शिकवलं. भारतात परतायचा विषय निघाला की म्हणायच्या, "जहाज इथून निघालं. कधी काही कळायचं असेल तर इथेच कळेल."

दोन वर्षांपूर्वी इंग्लंडहून मार्गारेट नावाच्या बाईंचा फोन आला. त्या सेकंड ऑफिसरची ती धाकटी बहीण. तिलाही कंपनीचं म्हणणं पटलेलं नव्हतं, आणि तिच्या भागातल्या खासदाराला तिने हा विषय पार्लमेंटमध्ये मांडायला तयार केलं होतं. जहाजावर ब्रिटिश झेंडा होता ना, म्हणजे त्याची नोंदणी तिकडची. कुणालाही आनंद झाला असता... शैलजाताईंनी मात्र मला बोलावून घेतलं. "इतक्या वर्षांनी हिला माझा नंबर कुठून मिळाला? आणि हिचा भाऊ आधी उतरला की अरुण, हे हिने मला का विचारलं? हिला सगळं अरुणवर ढकलायचं असेल." मेलबर्नहून व्हिडिओवर मृण्मयी आपल्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, "मा, इनफ ला! शी लॉस्ट हर ब्रदर." शैलजाताईंनी व्हिडिओ बंद केला. पण पुढे मार्गारेटशी बोलताना त्या तिला 'बापट' या शब्दाचा उच्चार शिकवत राहिल्या, 'प' नंतर 'ट', जीभ वर लावून. खासदाराने नाव तरी नीट घ्यावं, एवढी त्यांची अट होती.

चर्चेचा दिवस शुक्रवार निघाला. लंडनची सकाळ म्हणजे आपली उतरती दुपार. मी त्या दिवशी घरूनच काम करायचं ठरवलं आणि लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेले. मी त्यांना सांगून ठेवलं होतं की दिवसभर वेगवेगळी विधेयकं चालतात, आपला विषय कामकाज संपल्यावरच्या शेवटच्या अर्ध्या तासात आहे. एक खासदार बोलतो, मंत्री उत्तर देतो, मतदान होत नाही. त्यांना ते पटलं नाही. "आपलं लक्ष नसताना उरकून टाकतील," म्हणाल्या, आणि पहिल्या मिनिटापासून पडद्यासमोर बसल्या. आम्ही त्यांचा अख्खा दिवस पाहिला, आपल्याकडची रात्र होईपर्यंत. भाडेकरूंच्या कुत्र्यांवर भाषणं झाली. शेजाऱ्याच्या झाडाची सावली आपल्या अंगणात पडली तर काय, यावर झाली. एक उंच गृहस्थ एकाच शब्दाच्या अर्थावर इतका वेळ बोलले की मी मधे भात लावून आले. "हा मुद्दाम वेळ काढतोय," शैलजाताई म्हणाल्या. मी म्हटलं, काढत असेलही, पण ते त्या कुत्र्यांचं विधेयक पाडायला, त्याचा आपल्याशी संबंध नाही. "तुला काय माहीत?" मला खरोखरच माहीत नव्हतं. हळूहळू मलाही प्रत्येक हसणाऱ्या, कुजबुजणाऱ्या चेहऱ्यामागे काहीतरी दिसायला लागलं होतं.

आमचा विषय पुकारला गेला आणि सभागृहातले लोक उठून चालू लागले. हिरव्या बाकांवरून एकेक जण कागद गोळा करत, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकत बाहेर पडला. शैलजाताई पुढे सरकल्या. "कुठे चालले सगळे? केतकी, आपलं नाव घेतलं आणि हे उठले." मी समजावलं की शुक्रवारी असंच असतं, सगळ्यांना आपापल्या गावी जायचं असतं. तो एकटा खासदार, टक्कल पडलेला, साधा कोट घातलेला, जवळजवळ रिकाम्या सभागृहात उभा राहिला. त्याने आधी सेकंड ऑफिसरचं नाव घेतलं. मग म्हणाला, "मिस्टर अरुण बापट." उच्चार अगदी स्वच्छ. शैलजाताईंनी पदराचं टोक तोंडाशी धरलं... तो नीट बोलला. हवेचे सिलिंडर जागेवर होते का, साक्षी कुणी घेतल्या, कंपनीने स्वतःचीच चौकशी का केली, हे सगळं त्याने विचारलं. मंत्र्यांनी दोन्ही कुटुंबांबद्दल सहानुभूती व्यक्त केली आणि नवी माहिती पुढे आली तर आपण जरूर लक्ष घालू, असं सांगितलं. मला ते उत्तर बरं वाटलं. शैलजाताईंनी लॅपटॉप मिटला. "नवी माहिती," त्या म्हणाल्या. "म्हणजे ती येणार नाही याची त्यांना खात्री आहे."

पुढच्या आठवड्यात ऑफिसात एका वरिष्ठांनी कॉफीच्या मशीनपाशी सहज विचारलं, "जुरोंगच्या त्या मिसेस बापट तुमच्या ओळखीच्या आहेत का?" मी हो म्हटलं. "असं होय," म्हणून ते निघून गेले. आमची कंपनी अरुणकाकांची नव्हती, पण जहाजांच्या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात; त्यांनी का विचारलं, त्यांना कुणी सांगितलं, हे मला आजही माहीत नाही. त्यानंतर बरेच दिवस, आपला इथला नोकरीचा पास रद्द झाला तर मुलाची शाळा, घर, सगळं कसं आवरायचं, याचाच विचार डोक्यात फिरत राहिला. तसं काही झालं नाही. पण शैलजाताई इतकी वर्षं कशा जगल्या असतील, हे मला त्या दिवसांत कळलं.

आणि माहिती आली. त्या भाषणाचा तुकडा जहाजावरच्या लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत थॉमस नावाच्या माणसापर्यंत पोहोचला. अपघाताच्या वेळी तो त्याच जहाजावर थर्ड इंजिनिअर होता, अरुणकाकांच्या हाताखाली. आता तो स्वतः चीफ झाला होता. त्याने मार्गारेटला गाठलं आणि तिच्याकडून शैलजाताईंचा नंबर घेतला. त्याचा फोन यायचा होता त्या संध्याकाळी त्यांनी मला शेजारी बसवलं. स्पीकर चालू केला आणि त्याने नमस्कार करताच हिंदीत पहिलाच प्रश्न टाकला, "साब सिगरेट बहुत पीते थे, ना?"

पलीकडून तो गोंधळून म्हणाला, "नही मॅडम. साब तो कभी नही पीते थे. मेरी सिगरेट फेंक देते थे."

शैलजाताईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. "बोलिए," म्हणाल्या.

त्याने सांगितलं. सेकंड ऑफिसर टाकीत उतरला आणि खाली कोसळला. अरुणकाका धावत आले आणि ओरडले, कोणी आत जायचं नाही, आधी सिलिंडर आणा. सिलिंडर आणला तर तो रिकामा. दुसरा मागवला, तो येईना. खालचा माणूस हलत होता, हात वर करत होता. मग अरुणकाका उतरले. कुणी सांगितलं नव्हतं. उलट कॅप्टन वरून नको म्हणत होता. नंतर कंपनीच्या लोकांनी थॉमसची जबानी घेतली, तेव्हा त्यातून रिकाम्या सिलिंडरचा उल्लेख गाळला गेला. तो नवखा होता, घाबरला, गप्प बसला.

शैलजाताईंनी फोन जवळ ओढून विचारलं, "सिलिंडर मांगा था उन्होंने?"

"दो बार, मॅडम."

"और फिर खुद ही उतर गए."

"जी."

त्यांनी आभार मानले आणि फोन बंद केला. मला वाटलं होतं, आता त्यांच्या मनावरचा भार उतरेल. कंपनी खोटं बोलली होती, तो संशय खरा ठरला होता. पण त्या उठून खिडकीपाशी गेल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "इतकी वर्षं मी म्हणत होते, त्याला कोणीतरी उतरवलं. कोणी नाही उतरवलं. त्याला सगळं कळत होतं, केतकी. आत काय आहे ते कळत होतं. तरी गेला. माझा नाही, निदान मृण्मयीचा तरी विचार..." मी त्यांच्यासाठी खिचडी केली. त्या जेवल्या नाहीत. त्या दिवसानंतर त्यांनी कंपनीबद्दल बोलणंच सोडलं. थॉमसने नवी जबानी लिहून दिली, मार्गारेटने ती खासदाराकडे पोचवली, चौकशी पुन्हा उघडायची की नाही याचा निर्णय अजून व्हायचाय. मी बातम्या द्यायला जायची तर त्या म्हणायच्या, "हो का? बरं." अरुणकाकांवर त्या रागावल्या आहेत, असं मला वाटायचं. थॉमसवरही. तो वर उभा राहिला आणि हा खाली गेला, हे त्यांना सोसत नसेल, असं मी मनाशी धरून चालले होते.

त्या गेल्यानंतर काही दिवसांनी थॉमसचं जहाज सिंगापूरच्या बंदरात आलं. तो सुट्टी काढून जुरोंगला आला. मृण्मयी आवराआवर करत होती, मी मदतीला होते. भरदार, केस पिकलेला माणूस, दारातच बूट काढून अवघडून उभा. मृण्मयीने त्याला आईच्या खोलीत नेलं, खुर्ची दिली. त्याने भिंतीवरच्या अरुणकाकांच्या फोटोला हात जोडले. मग हळूच म्हणाला की मीही उतरणार होतो, एक पाय शिडीवर टाकला होता. साहेबांनी कॉलर धरून मागे ओढलं आणि म्हणाले, तू इथून हलायचं नाही.

"हे तुम्ही आईला सांगितलंत?" मृण्मयीने विचारलं.

"त्या दिवशी हिंमत झाली नाही," तो म्हणाला. "पण दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनीच फोन केला. स्वतःहून."

हे मला त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं.

"तेव्हा मी सांगितलं. मला वाटलं, आता शिव्या देतील. त्यांनी विचारलं, मुलं किती? मी म्हटलं, दोन. मोठा तेव्हा नुकताच जन्मला होता." थॉमसने चष्मा काढला, तो पुसत राहिला. "मॅडम बहुत देर चुप रहे. फिर बोले, अच्छा हुआ तुम रुक गए."