मुहूर्ताची गाडी

दवाखान्यातून घरी आणल्यावर माझ्या नवऱ्याने एक नवीनच सवय लावून घेतली. सकाळचा चहा झाला की ते डाव्या हाताने शर्ट अंगावर ओढायचे, उजवा हात बाहीत मी घालून द्यायची, आणि मग दाराजवळच्या खुर्चीवर जाऊन बसायचे. ते कामाला होते त्या कापसाच्या जिनिंग कारखान्याची गाडी न्यायला येईल म्हणून. गाडी कशाला येते? अर्धांगाचा झटका आल्यापासून जिनिंगमधून एकदाच मालक येऊन गेले होते, सफरचंदं घेऊन. पण हे त्यांना किती सांगितलं तरी कळत नव्हतं. दुपारी जेवायला उठवायला गेलं की रस्त्याकडे बोट दाखवून "काम" म्हणायचे. तेवढा एक शब्द स्वच्छ यायचा.

पहिला शब्द मात्र तो नव्हता. आदिलाबादला आमच्यासारखी मराठी घरं पुष्कळ. घरात मराठी, बाजारात तेलुगू, कापसाच्या व्यापाऱ्यांशी हिंदी. यांच्या मेंदूत डाव्या बाजूला रक्ताची गाठ झाली आणि तिन्ही भाषा एकदम गेल्या. पैनगंगा ओलांडून नागपूरला नेलं. तिथे काही दिवसांनी पहिला शब्द उमटला तो "रुको". जिनिंगमधून फोन आला की हेच म्हणायचे ते, रुको, देखता हूँ. नर्सला वाटलं तिलाच थांबवताहेत. ती बिचारी सलाईनची बाटली हातात घेऊन थांबली. मला हसू आलं, आणि मग बाहेर जिन्यात जाऊन मी पोटभर रडले.

ते प्रोग्रामर होते. होते म्हणताना अजून जीभ अडखळते. गावाबाहेरच्या एका मोठ्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर जो प्रोग्राम चालतो, तो सगळा त्यांनी एकट्याने लिहिलेला. काम ऐकायला साधं आहे. कापसाची गाडी काट्यावर येते, भरल्या गाडीचं वजन होतं, माल उतरला की रिकाम्या गाडीचं. कापसात ओल किती हे यंत्र सांगतं, त्याला तिथे नमी म्हणतात, आणि तेवढा कट वजनातून जातो. मी ज्युनिअर कॉलेजात पोरांना कॉम्प्युटर शिकवते. माझ्या वर्गातलं हुशार पोर आठवड्याभरात एवढं लिहून देईल.

पण आमच्याकडे कोणी कोणाला तोंडावर नाही म्हणत नाही, आणि सगळं बिघडतं ते तिथेच. फाटकावर कोणीतरी मालकांना गाठतं, मालक शब्द देऊन बसतात, आणि मग तो शब्द प्रोग्राममध्ये घालायचं काम यांच्याकडे येतं. नियम बदलायचा नाही. नियम तसाच ठेवायचा आणि त्याच्या पोटात एक अट घालायची. नार्नूरकडचे टेम्पो रात्रभर फाटकावर उभे राहतात, दवाने कापूस ओलावतो, म्हणून त्यांची नमी ऊन चढल्यावर मोजायची. ट्रॅक्टरवाला ट्रॉली सोडून जातो, तर त्याचं रिकामं वजन दुसऱ्या दिवशी धरायचं. बारदान्यात, म्हणजे पोत्यांत भरून, आला तर वेगळं, मोकळा आला तर वेगळं, अर्धा बारदान्यात आणि अर्धा मोकळा आला तर अजून वेगळं. अटीत अट, त्या अटीत अट. स्क्रीनवर कोड उजवीकडे सरकत सरकत दिसेनासा व्हायचा. आणि नावं काय, तर ए, बी, एक्स वन, टेम्प टू.

मी कितीदा कटकट केली असेल. "अहो, याचे तुकडे पाडा. उद्या दुसऱ्यानं उघडलं तर त्याले काय समजन?"

"दुसरा काऊन उघडन?" ते म्हणायचे. "मी हावो ना."

वर कपाळावर बोट ठेवून दाखवायचे, सगळं इथं आहे म्हणून. गाठ नेमकी तिथेच झाली. माणूस आजारी असताना त्याच्यावर रागावू नये असं सगळे सांगतात. मी रागावले. भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना, यांना अंघोळ घालतानासुद्धा मी आतून धुमसत होते. एवढी घमेंड कशाची होती तुम्हाला? आता कुठे शोधू मी ते सगळं?

मालक सफरचंदं घेऊन आले तेव्हा बाहेर ओसरीवर मला म्हणाले, "वैनी, सायबाची खुर्ची हाय तिथंच राहीन, माहा शब्द हाय. पन नव्या हंगामाच्या मुहूर्ताच्या आत तो प्रोग्राम दुरुस्त झाला पायजे. मागच्या हंगामात दोनदा बंद पडला, सायेब होते म्हनून निभलं. नाही तं मले हैदराबादहून दुसरा आनाच लागन."

दुसरा प्रोग्राम आला की खुर्ची कशाला राहते? मालकांचे शब्द कसे असतात हे त्या कोडाइतकं कोणाला ठाऊक होतं! मी म्हटलं, मी करून देते. पण मनात माझं गणित वेगळं होतं. मला तो कोड जिनिंगसाठी सोपा करायचा नव्हता, यांच्यासाठी करायचा होता. त्यांना वाचता येईल इतका सोपा. ते पुन्हा त्या खुर्चीवर बसले, एखादी ओळ वाचली, एखादा आकडा बदलला, तरी मला पुरे होतं. दाराजवळची ती खुर्ची मला पाहवत नव्हती.

कोडाची गुंतागुंत मोजता येते. जिथे जिथे "असं असेल तर इकडे, नाही तर तिकडे" अशी वाट फुटते, तिथे आकडा एकाने वाढतो. आकडा दहाच्या आत असेल तर तो तुकडा माणसाच्या डोक्यात मावतो, असं मी वर्गात शिकवते. यांचा मुख्य तुकडा मोजायला लावला तर आकडा दोनशेच्या पुढे गेला. मला वाटलं मोजणारं टूलच बिघडलं. पुन्हा चालवलं. तेवढाच.

कॉलेजला उन्हाळ्याची सुट्टी होती. दुपारी ते झोपले की मी बसायची. आधी मागच्या हंगामातल्या गाड्यांच्या नोंदी जुन्या कोडातून काढल्या, उत्तरं जपून ठेवली. नवीन कोडातून तीच यायला हवीत, तरच पुढे जायचं. मग एकेक अट बाहेर काढायची, तिचा छोटा तुकडा करायचा, त्याला माणसाला कळेल असं नाव द्यायचं. जिथे काम संपतं तिथून लगेच परत फिरायचं, आणखी आत शिरायचं नाही. एका वेळी एकच बदल. उत्तर चुकलं की मागे. असा मी उन्हाळा काढला. काही अटी वाचून हसू यायचं, काहींना हात लावायला नको वाटायचं. एक अट फक्त एका म्हाताऱ्या शेतकऱ्यासाठी होती, त्याच्या बैलगाडीचं रिकामं वजन न करता तोंडी सांगितलेलं धरायचं म्हणून. बैल गेले, म्हातारा केव्हाच वारला, अट मात्र दर गाडीला विचारत होती, तो आला का, तो आला का. ती मी काढून टाकली. एक कळ दाबली आणि झालं.

त्याच सुमारास यांच्या बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी मला झापलं. त्या तेलुगू, मराठी मोडकी. त्यांच्यासमोर मी यांना म्हणाले होते, "भूक लागली असन तर आताच जेवा, नाही तर आंघोळ करून जेवा." बाई म्हणाल्या, त्यांना दोन वाटा दाखवू नका, ते मधेच हरवतात. एका वाक्यात एकच गोष्ट सांगा.

मी घरी आले आणि तशी बोलायला लागले. पाणी तापलं. आंघोळ करा. ताट वाढलं. जेवा. आमच्या घरातून "जर" हा शब्दच गेला. दिवसभर यांच्याशी असं बोलायचं आणि दुपारी त्यांच्या कोडातून तेच काढत बसायचं. कधी कधी मला वाटायचं, मी एकाच माणसाला दोन ठिकाणी कमी करत आहे. वाटलं ते लिहिते, त्यात शहाणपण काही नाही.

पूर्ण कोडात एक तुकडा मी बदलला नाही. मुहूर्ताच्या गाडीचा. हंगामातली पहिली गाडी फाटकात आली की तिला हार घालतात, नारळ फोडतात, शेतकऱ्याच्या डोक्याला रुमाल बांधतात, आणि त्या गाडीला नमीचा कट लावत नाहीत, कापूस कितीही ओला असो. आमचं लग्न झालं त्या वर्षी यांनी हा तुकडा लिहिला होता. चार ओळी, नाव सरळ "मुहूर्ताची गाडी", आकडा दोन. त्यात सुधारण्यासारखं काहीच नव्हतं. एवढं नितळ लिहिता येत होतं त्यांना. पुढे लोकांच्या शब्दांनी त्यांचा हात बिघडवला.

दसरा गेला. मुहूर्ताच्या आधी जिनिंगमध्ये काट्यावर एक नवीन मुलगी लागली होती, बेल्लमपल्लीची, वडील कोळशाच्या खाणीत. शिकलेली, चुणचुणीत. मी तिला प्रोग्राम दाखवायला म्हणून सुट्टी टाकून गेले. तिने तुकड्यांची नावं वाचली, दोन-चार ठिकाणी मान डोलावली आणि संध्याकाळपर्यंत एक बारीकशी चूकही दुरुस्त करून दाखवली. मला काही विचारायचं तिला कारणच उरलं नव्हतं. मालक मागे उभे होते. खूश झाले.

"वैनी, तुमी तं कमालच केली. आता कोनीबी चालवते. सायबाले कायले तरास द्याचा?"

मी घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यात गरगरत राहिलं. त्यांच्यासाठी जागा करायला गेले आणि जागाच पुसून आले. इतकं सोपं केलं की कोणाचीच गरज उरली नाही. मालकांवर संतापले, त्या पोरीवर संतापले, तिचा काय दोष? घरी हे दाराजवळ बसले होते, शर्टाची वरची गुंडी उघडी.

मुहूर्ताच्या दिवशी तरी यांना आणू द्या, असं मी मालकांना म्हटलं. ते लगेच हो म्हणाले, नाही कुठे येतं त्यांना. ऑटो करून गेलो. आवारात पांढरा कापूस, हार, नारळाचं पाणी, हमालांची गर्दी. सगळ्यांनी यांना नमस्कार केला. यांनी डावा हात उचलून केला. मग आत ऑफिसात मी त्यांना त्यांच्या खुर्चीवर बसवलं. पोरगी बाजूला सरकली, तेलुगूत काहीतरी मायेनं बोलली आणि स्क्रीनवर प्रोग्राम उघडून हळूहळू वर सरकवू लागली. नीट पाडलेले तुकडे, माझी नावं. ते कोऱ्या नजरेने बघत होते.

"रुको," ते म्हणाले.

मुहूर्ताच्या गाडीचा तुकडा होता. त्यांनी स्क्रीनला बोट लावलं आणि एकेका ओळीवरून फिरवत नेलं. ओठ हलत होते. बाहेर काट्यावर गाडी चढल्याचा आवाज आला.

"गाडी... पयली," ते म्हणाले. "कट... नाही."

त्यांना कळलं होतं! सबंध तुकडा कळला होता. मला इतका आनंद झाला की मी त्या पोरीचा हात धरला. झटका आल्यापासून मी एवढी सुखी झाले नव्हते. ते माझ्याकडे वळले, चेहऱ्यावर जुनं कामाचं तेज.

"चांगलं... लिवलं."

"हो ना," मी म्हटलं.

"कोनं?"

"तुमी. तुमी लिवलं हे."

लहान पोर खोटं बोललं की आपण जसं बघतो, तसे ते माझ्याकडे बघत राहिले. मग मान हलवली.

"तो... येत नाही आता." शब्द जमवताना त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आला तं... सांगजो त्याले. चांगलं लिवलं."

सांगते, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला आणि मी शर्ट घेऊन त्यांच्याजवळ गेले. त्यांनी हात पुढे केला नाही, दाराजवळच्या खुर्चीकडे बघितलंही नाही.