काशीकाकींनी सूप घेतलं नाही

गौरीपूजनाचा दिवस होता. साठ सालच्या आसपासचं असेल... मालवणात आमच्या शेजारच्या काशीकाकींची नवी सून, कमल, पहिला ओवसा घेऊन गौरीसमोर आली होती.

आमच्याकडे नवी सून सुपात फळं, पानं, फुलं भरून आधी गौरीला ओवाळते, मग ते सूप सासूच्या हातात देते. सासूनं घेतलं की ती घरची झाली. सूप मीच भरून दिलं होतं, परसातली काकडी, केळी घालून. विकतचं कशाला?

कमलनं सूप पुढं केलं... काशीकाकींनी हात पदराखाली घेतले.

"भट नाय, होम नाय, सात पावलां नाय. हेका लगीन म्हणतंत?"

वसंताने, म्हणजे काकींच्या मुलानं, मुंबईत कमलशी रजिस्टर लग्न केलं होतं. कमलच्या माहेरच्यांनी तेव्हाच तिचं नाव टाकलेलं. आमच्या ह्यांनी समजावून पाहिलं, "काकी, साहेबासमोर सह्या झाल्यात. सरकार मानतं."

"मनिऑर्डर इली की मी पण अंगठो लावतंय. मगे पोस्टमन माझो घोव झालो काय रे?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. खरं सांगते, मलाही हसू आलं... आणि मनातून काकींचंच पटत होतं. अग्नीसमोर फेरे झाल्याशिवाय लग्न पुरं होत नाही, अशीच माझी श्रद्धा. म्हणून कमलला स्वयंपाकघरात नेऊन म्हटलं, "अगं, घे ना भटजींकडून करून. तुझं काय जातंय?"

ती हळूच म्हणाली, "वहिनी, मला पाचवा महिना आहे. आज लग्न लावलं, तर हे मूल लग्नाआधीचं ठरेल ना?"



ती बाहेर गेली आणि सगळ्यांदेखत वसंताला विचारलं, "तुम्हीच सांगा. आपलं लग्न झालंय की नाही?"

वसंता जमिनीकडे बघत म्हणाला, "आये, तू म्हणतंस तसा..."

कमलनं सूप गौरीपुढं ठेवलं, नमस्कार केला आणि आत जाऊन ट्रंक भरली. वसंता तिला एसटीपर्यंत सोडून आला... आणि जेवायला बसला.

पुढच्या वैशाखात त्याचं दुसरं लग्न झालं. भटजी, होम, सप्तपदी, सगळं यथासांग. पहिलं लग्न असताना हा गुन्हा आहे, असं हे म्हणाले. पण तक्रार करायला कमलच्या बाजूनं होतं कोण? तिला मुलगा झाला की मुलगी, तेसुद्धा आम्हाला कधी कळलं नाही.

खरं लग्न कुठलं, सह्यांचं की सप्तपदीचं, यावर आमच्या आळीत कितीतरी दिवस वाद चालले. वसंताला मात्र कुणी एक शब्द विचारला नाही.

आजही रोज देवापुढं दिवा लावते. अग्नीवरची श्रद्धा ढळलेली नाही... पण एका लग्नाला साहेब साक्षी होता, दुसऱ्याला अग्नी. माणूसच तोंड फिरवून बसला, तर साक्षीदारांनी तरी काय करायचं?