उपासाला चालणारी गोळी

“तुम्हाला डिप्रेशन आहे,” डॉक्टर म्हणाले आणि मला त्यांचा रागच आला. पापाला पाप म्हणायचं सोडून हे गृहस्थ त्याला इंग्रजी नाव देत होते.

डिप्रेशन म्हणजे मन खचण्याचा आजार. दुःखाला कारण असतं आणि दिवस जातील तसं ते ओसरतं. इथे शरीराला ताप यावा तसं मनच आजारी पडतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. मी मान हलवली, पण एक अक्षर पटलं नव्हतं.

साठ सालानंतरची ही गोष्ट. हे डॉक्टर नागपूरहून एक गुरुवार सोडून अकोल्याला येत आणि मित्राच्या दवाखान्यात बसत. आम्ही अमरावतीहून आलो होतो. बाहेरच्या बाकावर माझी बायको सुशीला डोक्यावरचा पदर पुढे ओढून बसली होती. एखादा यजमान दिसला तर काय सांगायचं, याची तिला धास्ती होती. भटजीचंच डोकं फिरलं म्हटल्यावर सत्यनारायणाला कोण बोलावणार?

मी राजापेठेत भिक्षुकी करत असे. आदल्या दिवाळीपासून जेवणाची चव गेली होती. आंघोळीला उठणं म्हणजे डोंगर चढणं झालं होतं. पौषात मूर्तिजापूरहून बातमी आली. मी जिचं लग्न लावलं होतं ती मुलगी बाळंतपणात गेली. ऐकलं आणि डोक्यात बसलं, की तिच्या लाजाहोमात माझ्याकडून लाह्यांची एक आहुती राहिली होती. म्हणजे तिला मीच मारलं.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी हे सांगितलं. विद्या मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो. त्यांनी प्रायश्चित्त दिलं. रोज हजार गायत्री, आणि मोजणी चुकली की पहिल्यापासून. माझं मन ठिकाणावर नव्हतं, त्यामुळे मोजणी रोजच चुके. दुपार टळून जाई, तरी मी पाटावरच. अण्णांचं माझ्यावर फार प्रेम होतं, हेही सांगायला हवं. त्यांना जे औषध ठाऊक होतं ते त्यांनी दिलं.

वैशाखात मी लग्नं घेणं सोडलं. एके दिवशी सुशीलेला म्हणालो, मी नसलो तर तुम्हा सगळ्यांचं बरं होईल. सासऱ्यांपुढे तिनं कधी तोंड वर केलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ती सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. “मामंजी, मी यायले अकोल्याले नेईन,” एवढंच म्हणाली.

आहुती राहिल्याची शंका लग्नाच्या दिवशी आली होती का, असं डॉक्टरांनी मला विचारलं. नव्हती आली. मग आधी काय आलं, आजार की शंका? मी हिशेब केला. दिवाळी आधी, पौष नंतर.

“आजारानंच हे पाप शोधून आणलंय,” ते म्हणाले. “आणि प्रायश्चित्तानं पश्चात्ताप कमी व्हायला हवा. तुमचा वाढतोय.”

शॉक देतील या भीतीनं मी आधीच अर्धा झालो होतो. त्यांनी गोळ्या दिल्या. तीन आठवडे काही फरक पडणार नाही, हेही बजावलं. तुमच्या घरी कोणाला अशा गोळ्या सुरू झाल्या, तर हे लक्षात ठेवा. त्रास आधी येतो, आराम मागाहून. माझ्या तोंडाला अशी कोरड पडे की मंत्र जिभेला चिकटे. भटजीला याहून वाईट काय असणार? चौथ्या आठवड्यात एकदा मी वरण-भात दुसऱ्यांदा मागितला. सुशीला वाढून गेली आणि मागच्या अंगणात जाऊन रडली.

बरं वाटू लागलं, आणि तिथेच मी माती खाल्ली. सोमवार, चतुर्थी, एकादशी हे माझे उपास. त्या दिवशी मी गोळी घेत नसे. सुशीला हातावर ठेवी, मी देवघरात जाऊन ती देवांच्या मागे टाकी. मग नवरात्र आलं. नऊ दिवस उपास, नऊ दिवस गोळी नाही. दसऱ्याला मला अंथरुणातून उठवेना. पुन्हा तीच मुलगी आणि तीच आहुती.

दसऱ्याचे देव उजळताना अण्णांना त्या गोळ्या सापडल्या. मूठ भरून घेऊन ते माझ्या अंथरुणापाशी आले.

“औषधानं व्रत मोडत नाही,” ते म्हणाले. “हे तूच लोकायले सांगत होता. मंग सोताले काहून नाही सांगितलं?”

खरंच होतं. आजारी यजमानांना मी शास्त्राचा आधार देऊन हेच सांगत आलो होतो.

“ते चांगल्या माणसांसाठी आहे, अण्णा,” मी म्हणालो. “माझ्यासाठी नाही.”

अण्णा खाली बसले. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांना तेव्हा कळलं आणि, खरं सांगतो, मलाही तेव्हाच कळलं. हे धर्माचं बोलणं नव्हतं. आजार माझ्या तोंडून बोलत होता. “आजपासून जप बंद,” अण्णा म्हणाले. पुढच्या गुरुवारी ते स्वतः आमच्याबरोबर अकोल्याला आले आणि त्याच बाकावर बसले. तोंड लपवलं नाही.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. या खेपेला जास्त दिवस लागले. ती मुलगी अजूनही आठवते, वाईटही वाटतं. पण ते वाईट वाटणं आता माझ्या जेवणाच्या ताटावर येऊन बसत नाही.

फाल्गुनात डॉक्टरांनी गोळी कमी केली. दवाखान्याची पायरी उतरताना सुशीलेनं विचारलं, “मी इथूनच तेल्हाऱ्याले जाऊ का दोन दिवस? तुमी जासान ना घरी एकटे?”

तेल्हारा तिचं माहेर. दीड वर्षात ती एकदाही तिकडे गेली नव्हती. मला एक दिवससुद्धा एकटं सोडलं नव्हतं, आणि हे माझ्या आता लक्षात येत होतं. फार लाज वाटली. दोन नको, आठ दिवस राहा, असं मी तिला सांगितलं.

एसटीत तिला खिडकीजवळ जागा मिळाली. मी निरोपाला हात वर केला, पण तिनं पाहिलंच नाही. गाडी अजून स्टँडातच होती आणि तिला गाढ झोप लागली होती.