डोळे मीट आणि हुंग

"गवती चहा!" बायको म्हणाली आणि मी गच्चीवर उडी मारली. खरीखुरी उडी. पन्नाशी ओलांडलेला कारकून, अंगात बनियन, कमरेला लुंगी, हातात गवती चहाचं एक पातं. आमच्या शेजारीण, ज्यांना सगळी गल्ली खाला म्हणते, त्यांच्या गच्चीवर गहू वाळत घालत होत्या. त्या "क्या हुआ, क्या हुआ?" करत कठड्याशी धावत आल्या.

"वास आला! हिला वास आला!" मी ओरडलो.

त्यांनी दोन्ही हात वर करून आधी देवाचे आभार मानले आणि मग मला म्हणाल्या, "आहिस्ता, गिर जाएंगे."

आता एवढं नाचायला काय झालं, ते सांगतो. पावसाळ्यात बायकोला ताप आला होता. ताप आठवड्यात गेला, पण जाताना तिचं नाक घेऊन गेला. अत्तर, कापूर, रॉकेल, काही म्हणजे काही कळेना. डॉक्टर म्हणाले, "येईल हळूहळू, रोज वेगवेगळे वास हुंगत राहा." दुसऱ्या कुणाचं नाक गेलं असतं तर चाललं असतं एक वेळ. माझं गेलं असतं तरी कुणाला पत्ता लागला नसता. पण ही कढईवरच्या वाफेवरून "मीठ कमी आहे" सांगणारी बाई! फोडणी कधी उतरवायची हे ती डोळ्यांनी कधी बघतच नसे. तीच आता ओट्याशी परक्या घरात उभी राहिल्यासारखी उभी राही आणि दर जेवणाआधी मला चमचा पुढे करून विचारी, "बघा बरं, बराबर झालं का?" तिचा आवाज इतका खालचा असे की माझा जीव तुटायचा. मला माझी जुनी बायको परत हवी होती, भाजीला नावं ठेवणारी, माझ्या घामट शर्टाला नावं ठेवणारी.

म्हणून दसऱ्याच्या सुमाराला मी गच्चीवर बाग लावायला घेतली. मी एखादी गोष्ट डोक्यात घ्यायची तेवढीच खोटी. फळबाजारातून मोसंबीचे जुने क्रेट आणले, आत सिमेंटच्या पोत्यांचं अस्तर घातलं, माती आणि शेणखत भरलं. रंगाच्या रिकाम्या डब्यांना तापलेल्या खिळ्याने भोकं पाडताना बोट भाजून घेतलं. धने चपलेखाली रगडले, रात्रभर भिजवले, सकाळी पेरले. आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, त्यामुळे तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, फिल्टरमधून वाया जाणारं, सगळं पाणी बादलीत जमा व्हायला लागलं. सात दिवस झाले, आठ झाले, कोथिंबिरीचा पत्ता नाही. मी काडीने माती उकरून बघितली. बायको म्हणाली, "अहो, तिला येऊ तर द्या वर!" दहाव्या दिवशी हिरवे ठिपके दिसले तेव्हा मी ऑफिसला अर्धा तास उशिरा गेलो आणि साहेबांना कारणही खरंच सांगितलं.

पुदिना खालांनी दिला. त्यांच्या सासूच्या काळापासून त्यांच्या गच्चीत पुदिना आहे. मुळासकट चार काड्या कठड्यावरून माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "ऊपर से काटो, जड़ को हात नक्को लगाओ." मी काटेकोरपणे पानाच्या पेराच्या वर कात्री चालवायला शिकलो. एक काडी कापली की तिथून दोन फुटायच्या! याचा मला जो आनंद व्हायचा, तो पगारवाढीला झालेला नाही. मग तुळस आली, मरवा आला, कढीपत्ता आला, जाडजूड लवदार पानांचा ओवा आला. गवती चहाचं ठोंब तर असं फोफावलं की जमिनीपासून चार बोटं ठेवून दर आठवड्याला कापावं लागे. त्याची पाती बोटं कापतात हेही मी रक्त काढून शिकलो.

रोज सकाळी परीक्षा असे. बायको जिन्याच्या वरच्या पायरीवर बसे. मी म्हणे, "डोळे मीट आणि हुंग." एकेक पान चुरडून तिच्या नाकाशी धरी. ती लांब श्वास घेई आणि मान हलवी. न्हाई. दिवाळी गेली, न्हाई. थंडी पडली, न्हाई. आणि संक्रांतीच्या आसपास तो गवती चहा!

त्यानंतर तर धडाकाच लागला. ओवा बरोबर, पुदिना बरोबर, कढीपत्ता बरोबर. मी बहिणीला फोन केला, ऑफिसात पेढे वाटले, खालांकडे ताज्या पुदिन्याची चटणी पोचवली. रोपवाटिकेतून आणखी सहा कुंड्या आणल्या. येईल त्याला गच्चीवर नेऊन पानं हुंगायला लावत होतो.

मग एका सकाळी मी काढ्यासाठी सगळा पाला एकाच वाटीत खुडला होता. घाईत तुळस चुरडून तिच्या नाकाशी धरली, पण त्याच मुठीत गवती चहाचं एक पातं होतं. ते तिच्या गालाला लागलं.

"गवती चहा," ती म्हणाली.

पुदिना चुरडला आणि यावेळी त्याचा नुसता गोळा धरला, कुठेही स्पर्श होऊ न देता. तिने लांब श्वास घेतला, मग आणखी एक. "ओवा?" तिने विचारलं.

ती इतके दिवस नाकाच्या शेंड्याला लागणाऱ्या पानावरून ओळखत होती. लवदार तो ओवा, खरखरीत तो गवती चहा, गुळगुळीत तो कढीपत्ता.

माझा तोल गेला. "म्हणजे इतके दिवस तू मला बनवून राह्यली? मी गावभर पेढे वाटले!"

तिने डोळे उघडले. "पहिल्यांदा पातं नाकाला लागलं म्हणून बोलून गेले, अन् तुम्ही एवढे खुश होऊन राह्यले होते. मंग मला न्हाई म्हणवलं न्हाई."

मी वाटी तिथेच ठेवून खाली गेलो आणि दोन दिवस गच्चीवर पाऊल टाकलं नाही. कोथिंबीर माना टाकून पडली असेल याची मला खात्री होती. तिसऱ्या दिवशी न राहवून वर गेलो तर माती ओली. बायकोने बादल्या वर वाहून नेल्या होत्या. मला माझीच लाज वाटली. खालांनी कठड्यावरून सगळं ऐकलेलंच होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "पौधा रोज उखाड के देखेंगे तो वो जड़ कब पकड़ेगा?"

मी परीक्षा घेणं बंद केलं. बायको मात्र सकाळी एकटीच पायरीवर बसून पानं हुंगायची. मी खालच्या खोलीत दाढी करायचो, जीभ चावून धरायचो, पण विचारायचो नाही. माझ्यासारख्या माणसाला हे किती जड जातं, ते मलाच ठाऊक.

उन्हं तापायला लागली तेव्हा ऑफिसच्या कामाने घनसावंगीला गेलो. जालन्याला घरी परतायची बस चुकली आणि शेअर जीपमध्ये कोंबला गेलो. शेजारच्या आजींच्या मांडीवर मोठं गाठोडं होतं आणि त्यात शेपूच्या जुड्या होत्या. शेपू! जगात एवढा एकच पाला मला सहन होत नाही. वास आला की मी ताटावरून उठतो. माझ्यापायी लग्नापासून आमच्या घरात ती भाजी शिजलेली नाही, बायको माहेरी गेली की पोटभर खाऊन येते. खड्डा आला की गाठोडं माझ्या बाहीवर रगडलं जाई. मी जालन्यापर्यंत तोंड बाहेर काढून बसलो.

घरी पोचलो तेव्हा दार उघडंच होतं. बायको ओट्याशी पाठमोरी उभी राहून कणीक मळत होती. मी चपला काढत होतो.

"शेपू कुठून आणली?" तिने मागे न वळताच विचारलं.

माझ्या हातात फक्त फायलींची पिशवी होती. मी बाही चाचपली, खांदा चाचपला. एक काडीसुद्धा अडकलेली नव्हती.

"कोण म्हणालं शेपू?"

"वास येऊन राह्यला की," ती म्हणाली आणि तिचे हात कणकेतच थांबले. ती हळूच वळली. आपण काय बोललो ते तिलाही तेव्हाच कळलं असावं.

मला विश्वास ठेवायची भीती वाटत होती. "खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून तर..."

"अहो, तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी शेपूचं नाव घेईन का?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. काय करावं ते सुचेना, म्हणून मी तो घाण वासाचा शर्ट काढायला बटणांना हात घातला.

"थांबा," ती म्हणाली. "शर्ट नका काढू." कणकेचे हात लांब धरून ती जवळ आली, डोळे मिटले आणि माझ्या बाहीत नाक खुपसलं. मी हात ताठ करून तसाच उभा राहिलो.